काळोखाची पारख : जीर्णोद्धार झालेला रहस्य-भयपट घरच्या पडद्यावर कसा तपासावा
(चांदूर बाजार येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

विषय

गुन्ह्याचा शोध आणि भुताची भीती एकत्र आणणाऱ्या चित्रपटाचा निम्मा आशय काळोखात असतो. दिव्याच्या वर्तुळाबाहेर काय आहे, जिन्याच्या वळणावर कोणी उभे आहे की नाही, हे प्रेक्षकाला पुरते दिसू नये आणि पुरते लपूही नये, अशा बेताने छायाचित्रकाराने प्रकाश मांडलेला असतो. असा चित्रपट जुना झाला, त्याची निगेटिव्ह झिजली आणि पुढे त्याचा जीर्णोद्धार होऊन तो डिस्कवर किंवा स्ट्रीमिंगवर घरोघरी आला, की एक प्रश्न उभा राहतो : जे समोर दिसते आहे ते मूळ चित्रपटाशी किती प्रामाणिक आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत हा या व्याख्यानाचा विषय आहे.

अमेरिकेत १९४० च्या दशकात गुन्हेगारीपटांची एक गडद शैली तयार झाली. १९४६ मध्ये फ्रेंच समीक्षक नीनो फ्रँक यांनी तिला ‘फिल्म न्वार’ म्हटले. सत्तरच्या दशकापासून तिचे नवे रूप आले, त्याला ‘निओ-न्वार’ म्हणतात. ॲलन पार्कर यांचा ‘एंजल हार्ट’ (१९८७) आणि डेव्हिड फिंचर यांचा ‘सेव्हन’ (१९९५) ही या रूपाची भयपटाकडे झुकलेली प्रसिद्ध उदाहरणे. मुंबईत हे मिश्रण त्याही आधी घडले होते. कमाल अमरोही यांचा ‘महल’ (१९४९) मालाडच्या बॉम्बे टॉकीजने काढला. त्याचे छायाचित्रण जर्मनीहून आलेल्या योसेफ विर्शिंग यांचे आणि संकलन बिमल रॉय यांचे. मराठीत राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) आणि वसंत जोगळेकर यांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) हे या वाटेवरचे दोन टप्पे. ‘पाठलाग’मध्ये मरण पावलेल्या पत्नीसारखीच दिसणारी स्त्री न्यायालयात उभी राहते. ‘हा खेळ सावल्यांचा’मधले नरसूचे भूत आजही मराठी घरांत आठवले जाते. या चित्रपटांचे मराठी प्रेक्षकाशी घरचे नाते आहे. म्हणून त्यांच्या घरगुती आवृत्त्यांची पारख हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहत नाही.

या पारखीचे मूळ सूत्र एकच आहे. जीर्णोद्धाराने चित्रपटाला त्याचे गेलेले परत द्यावे, त्याच्याकडे कधी नव्हते ते देऊ नये. जगभरच्या चित्रपट-संग्रहालयांच्या ‘फियाफ’ या महासंघाच्या आचारसंहितेतही हाच आशय आहे : अपुरे असेल ते पूर्ण करावे, काळाने आणि वापराने चढलेली पुटे काढावीत, पण मूळ साहित्याचा स्वभाव आणि कर्त्याचा हेतू बदलू नये. हेमाडपंती देवळाच्या काळ्या दगडाला ऑइलपेंट फासला तर देऊळ चकचकीत दिसते, पण पाथरवटाच्या छिन्नीची खूण बुजते. चित्रपटातही तसेच घडू शकते, आणि गडद चित्रपटात ते सर्वांत आधी काळोखात घडते.

चित्रपट कशाचा बनतो आणि कसा नासतो

पारख करणाऱ्याने आधी हे जाणून घ्यावे की समोरची आवृत्ती कोणत्या मूळ साहित्यावरून तयार झाली. कॅमेऱ्यात चालते ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून दर्जेदार मास्टर पॉझिटिव्ह काढतात, त्यावरून दुय्यम निगेटिव्ह आणि तिच्यावरून थिएटरात जाणाऱ्या प्रिंट. प्रत्येक पिढीगणिक तपशील कमी होतो, कण जाड होतात आणि सावल्यांतल्या छटा एकमेकींत मिसळतात. मूळ निगेटिव्हवरून केलेला जीर्णोद्धार आणि जुन्या प्रिंटवरून केलेला जीर्णोद्धार यांत म्हणूनच मोठा फरक असतो. भारतात आणखी एक अडचण आली. पैसे वाचवण्यासाठी अनेकदा मधल्या पायऱ्या गाळून थेट मूळ निगेटिव्हवरूनच थिएटरच्या प्रिंट काढल्या गेल्या. चित्रपट जितका लोकप्रिय, तितकी त्याची निगेटिव्ह जास्त झिजलेली, असा उलटा न्याय त्यातून झाला.

सुमारे १९५० पर्यंतची फिल्म नायट्रेटची होती. ती सहज पेट घेते आणि एकदा पेटली की विझवणे जवळजवळ अशक्य होते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातील साठवणघराला आग लागली आणि नायट्रेटवरचा मोठा ठेवा गेला. नंतरची ॲसिटेटची फिल्म सहज पेटत नाही, पण उष्णतेने आणि दमटपणाने ती आतून आंबते. तिला व्हिनेगरसारखा वास येतो, ती आकसते, वाकते, आणि हा विकार डब्यातल्या शेजारच्या रिळालाही लागतो. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा हवेत पत्र्याच्या छपराखाली पडलेल्या रिळांचे काय होत असेल ते सांगायला नको. रंगीत फिल्मवर निळी आणि पिवळी छटा आधी विरते आणि चित्र गुलाबी-तांबडे पडते. याशिवाय कित्येक रिळे त्यांतल्या चांदीसाठी वितळवली गेली.

पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. पी. के. नायर यांनी तेथे आयुष्य वेचून रिळे गोळा केली, म्हणून आज काही हाती आहे. या संग्रहालयाच्या आणि २०१४ पासून मुंबईत काम करणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या प्रयत्नांनी गेल्या काही वर्षांत जीर्णोद्धाराला गती आली आहे. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ची (१९७६) नवी प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. तिच्यासाठी पुण्यात जपलेली मूळ निगेटिव्ह वापरली गेली आणि छायाचित्रकार गोविंद निहलानी स्वतः कामात सहभागी होते.

चांगला जीर्णोद्धार अनेकदा अनेक स्रोत जोडून होतो. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतील आगीत जळाल्या. उरलेल्या जळक्या फिल्मला पुन्हा ओलावा देऊन मऊ करण्यात आले. ‘पथेर पांचाली’ची सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’ची ६० टक्क्यांहून जास्त मूळ निगेटिव्ह वापरता आली. बाकीचा भाग मास्टर पॉझिटिव्ह आणि दुय्यम निगेटिव्हवरून भरून २०१५ मध्ये तिन्ही चित्रपट पुन्हा उभे राहिले. अशा आवृत्तीत एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात जाताना चित्राचा दर्जा किंचित बदलतो. तो दोष मानू नये, कारण ते उपलब्ध साहित्याचे खरे रूप असते. आवृत्ती काढणाऱ्याने स्रोत कोणते ते उघडपणे सांगितले आहे की नाही, हा मात्र पहिला गुण धरावा. ‘डिजिटली रिमास्टर्ड’ एवढाच शिक्का वेष्टनावर असेल आणि स्रोताचा, प्रयोगशाळेचा, देखरेख करणाऱ्याचा उल्लेख नसेल, तर त्या शिक्क्याला फार वजन देऊ नये.

तुलना कशाशी करावी

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. प्रेक्षकाच्या आठवणीतला चित्रपट हे प्रमाण होऊ शकत नाही, आणि याचे कारण वितरणाच्या रीतीत आहे. जुन्या काळी चित्रपट-व्यवसायाचे भाग पाडलेले होते. मध्य प्रांत-वऱ्हाड हा त्यांतला एक, आणि अमरावती हे त्याच्या वितरणाचे मोठे केंद्र. प्रिंट आधी मोठ्या शहरांत लागे, मग जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला आणि शेवटी यात्रेतल्या तंबूत. चांदूर बाजारच्या किंवा बहिरमच्या यात्रेतल्या प्रेक्षकासमोर ती येई तेव्हा तिच्यावर ओरखड्यांचा पाऊस पडलेला असे, रिळांची टोके तुटून वाक्ये गाळली गेलेली असत आणि प्रोजेक्टरचा कार्बन-दिवा मंदावलेला असे. पुढच्या पिढीने तोच चित्रपट दूरदर्शनवर किंवा व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. या सगळ्यांच्या मनातला ‘मूळ’ चित्रपट वेगवेगळा आहे.

त्यामुळे प्रमाण शोधायचे ते चार ठिकाणी : छायाचित्रकाराने मंजूर केलेली त्या काळची प्रिंट उरली असेल तर ती, छायाचित्रकाराच्या आणि प्रयोगशाळेच्या नोंदी, त्या काळच्या फिल्मची आणि भिंगांची माहीत असलेली क्षमता, आणि त्याच छायाचित्रकाराची त्या काळातली इतर कामे. ‘महल’ तपासणाऱ्याने बॉम्बे टॉकीजमधले विर्शिंग यांचे आधीचे छायाचित्रणही पाहिलेले असावे. त्यांचा प्रकाश मऊ कुठे, कठोर कुठे आणि काळा रंग किती खोल, याचा अंदाज त्यातून येतो.

काळा रंग

गडद चित्रपटाच्या पारखीत सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. कृष्णधवल फिल्मवर पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत छटांची लांब शिडी असते. तिच्या खालच्या पायऱ्या, म्हणजे काळ्याला लागून असलेले गडद करडे रंग, भयपटाचा मुख्य मजकूर सांभाळतात. काळा कोट काळ्या भिंतीपुढे वेगळा दिसणे, खिडकीबाहेरच्या झाडाची हालचाल जाणवणे, चेहऱ्याची अंधारातली बाजू पुसट का होईना उरणे, हे सगळे त्या चार-सहा छटांवर अवलंबून असते.

इथे चूक दोन बाजूंनी होते. पहिल्या चुकीत चित्र ‘उठावदार’ दिसावे म्हणून काँट्रास्ट वाढवला जातो. मग खालच्या छटा एकाच काळ्या डागात बुडतात आणि कोटाची घडी, भिंतीचा पोत, केसांची कडा नाहीशी होते. दुसऱ्या चुकीत प्रेक्षकाला सगळे दिसावे म्हणून चित्र उजळवले जाते. मग काळोख राखाडी होतो, रात्रीची संध्याकाळ होते आणि दिग्दर्शकाने लपवलेली गोष्ट उघडी पडते. दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण ती पाहणाऱ्याला सुधारणा वाटते. आधी न दिसलेला कोपरा दिसू लागला की जीर्णोद्धार यशस्वी झाला असे मन सांगते. तो कोपरा मूळ प्रिंटमध्ये दिसत होता का, हे विचारल्याशिवाय तो गुण मानू नये. निगेटिव्हमध्ये प्रिंटपेक्षा जास्त तपशील असतो. सेटची न रंगवलेली कड, दिव्याची वायर, मेकअपची रेघ हे सगळे निगेटिव्हवर असते आणि छापताना ते काळोखात जाईल या हिशेबानेच प्रकाश योजलेला असतो.

‘सेव्हन’ हे या मुद्द्याचे उत्तम उदाहरण. छायाचित्रकार दारियस खोंजी यांच्या या चित्रपटाच्या काही प्रिंट धुताना फिल्ममधली चांदी पूर्ण काढली नाही. उरलेल्या चांदीने काळा रंग जड आणि दाट झाला. म्हणजे चित्रपटाचा खरा काळोख निगेटिव्हमध्ये नव्हता, तो प्रिंट धुण्याच्या प्रक्रियेत होता. अशा चित्रपटाची निगेटिव्ह जशीच्या तशी स्कॅन केली तर चित्र तांत्रिकदृष्ट्या सुंदर आणि कलादृष्ट्या चुकीचे येईल. म्हणून चांगल्या जीर्णोद्धारात स्कॅनिंगनंतर प्रकाश-छटांची जुळवणी हे खरे कसबाचे काम असते. त्यावर छायाचित्रकाराची किंवा त्याचे काम जाणणाऱ्याची नजर असली पाहिजे.

तपासण्याची सोपी रीत अशी. चित्रपटातले एक मध्यम उजेडाचे, एक अगदी गडद आणि एक दिवा किंवा मेणबत्ती चौकटीत असलेले, अशी तीन दृश्ये निवडावीत. मध्यम दृश्यात चेहऱ्याची छटा नैसर्गिक असावी. गडद दृश्यात काळ्याला लागून किमान दोन-तीन वेगळे करडे रंग ओळखता यावेत. दिव्याच्या दृश्यात ज्योत पांढऱ्या डागासारखी फुटू नये आणि तिच्या उजेडाची कड हळूहळू विरावी. ही तिन्ही एकाच वेळी साधली असतील तर छटांची शिडी शाबूत आहे.

कण आणि साफसफाई

फिल्मवरचे चित्र चांदीच्या किंवा रंगाच्या सूक्ष्म कणांचे बनते. हे कण प्रत्येक चौकटीत जागा बदलतात म्हणून पडद्यावर एक हलकी थरथर जाणवते. हे कण म्हणजेच चित्र, आणि कमी उजेडात चित्रित केलेल्या दृश्यांत ते जास्त ठळक असतात. संगणकाने ते पुसले की त्यांच्यासोबत त्वचेची छिद्रे, सुती साडीचा पोत आणि भिंतीचा खडबडीतपणाही पुसला जातो. चेहरे मेणाचे दिसू लागतात. गेलेली तीक्ष्णता भरून काढण्यासाठी कडा कृत्रिमरीत्या धारदार केल्या तर प्रत्येक आकृतीभोवती पांढरी रेघ उमटते. ‘प्रिडेटर’ या १९८७ च्या चित्रपटाची २०१० मधली ब्ल्यू-रे आवृत्ती अशा मेणचट चेहऱ्यांसाठी जगभर बदनाम झाली.

धूळ, ओरखडे, बुरशीचे डाग आणि चौकटीचा हेलकावा काढणे मात्र योग्यच, कारण ते चित्रपटाचे नव्हेत, काळाचे आहेत. अडचण अशी की संगणक धुळीचा कण आणि पावसाचा थेंब यांत नेहमी फरक करू शकत नाही. दोन्ही एकाच चौकटीत चमकून नाहीसे होतात. आपोआप चालणाऱ्या सफाईत पावसाच्या धारा तुटतात, आगीच्या ठिणग्या गळतात, साडीवरची टिकली लुकलुकायची थांबते. ‘महल’ची सुरुवातच वादळी रात्री होते, त्यामुळे अशा चित्रपटात पावसाचे दृश्य हीच सफाईची परीक्षा. धारा सलग असतील तर माणसाने चौकटीमागून चौकट पाहून काम केले आहे असे समजावे. एका दृश्यातून दुसरे उमलते तिथे मूळ चित्रच एक पिढी खालचे असते, कारण तो परिणाम प्रयोगशाळेत पुन्हा छापून साधलेला असे. तिथे कण जाड दिसले तर ते तसेच राहू द्यावेत.

चौकट आणि रंग

चौकटीच्या बाबतीत घोळ नेहमीचा आहे आणि तो ओळखायला सोपा आहे. पन्नासच्या दशकाआधीचे बहुतेक सर्व बोलपट आणि नंतरचे बरेच भारतीय चित्रपट रुंदी १.३७ आणि उंची १ या प्रमाणात चित्रित झाले. आजचा टीव्ही १.७८ रुंद आहे. तो भरण्यासाठी चित्राचे वरचे-खालचे भाग कापले तर पाव हिश्श्याहून थोडा कमी भाग जातो. भयपटात हा भाग महत्त्वाचा असतो, कारण छत, जिना आणि माणसामागची उंच सावली तिथेच असते. चित्र ताणून बसवले तर माणसे बुटकी दिसतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असलेले चित्र हेच अशा चित्रपटाचे पूर्ण चित्र होय.

रंगीत चित्रपटात रंगाचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न येतो. विल्यम फ्रीडकिन यांनी ‘द फ्रेंच कनेक्शन’ (१९७१) या आपल्या चित्रपटाची २००९ मधली ब्ल्यू-रे स्वतः नव्या, विटक्या रंगांत काढली. त्याचे छायाचित्रकार ओवेन रॉइझमन यांनी उघड विरोध केला. २०१२ मध्ये मूळ रंगांजवळ जाणारी आवृत्ती पुन्हा काढावी लागली. दिग्दर्शक हयात असणे ही चांगली गोष्ट आहे, पण त्याची आजची आवड आणि त्याचा त्या काळचा निर्णय वेगळे असू शकतात. नवा निर्णय घेतला असेल तर ती नवी आवृत्ती मानावी आणि जुनी सोबत ठेवावी. कृष्णधवल चित्रपटाला रंग चढवणे जीर्णोद्धारात मोडत नाही. ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये आणि ‘नया दौर’ २००७ मध्ये रंगवून प्रदर्शित झाले. ते व्यावसायिक प्रयोग होते. ‘महल’ किंवा ‘पाठलाग’सारख्या छायाप्रकाशावर उभ्या चित्रपटावर तो प्रयोग झाला तर चित्रपटाचा पायाच जाईल.

ध्वनी

जुन्या चित्रपटाचा ध्वनी फिल्मच्या कडेला प्रकाशाने छापलेला असतो. झिजलेल्या फिल्मवर तो खरखरतो, टिकटिकतो, मध्येच दबतो. ही खरखर पूर्ण काढली की आवाजाचे वरचे स्वर आणि खोलीची हवाही जाते आणि संवाद बाटलीतून आल्यासारखे वाटतात. भयपटात शांततेलाही आवाज असतो. दोन संवादांच्या मधली जागा अचानक मुकी झाली तर सफाई जास्त झाली असे समजावे.

‘महल’मधल्या एका गाण्याने लता मंगेशकर यांचे नाव सर्वतोमुखी झाले. संगीत खेमचंद प्रकाश यांचे. आवाज दुरून जवळ येतो आहे असे वाटावे म्हणून त्या मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहून गात गात जवळ आल्या, अशी हकीकत त्यांनी सांगितलेली आहे. त्या अंतराची जाणीव मंद आवाजाच्या सूक्ष्म तपशिलात आहे. आवाजाची पातळी सपाट केली किंवा खरखर ओरबाडून काढली तर चित्रपटातली भुताची चाहूलच संपते. एका चित्रपटाचा ध्वनी-जीर्णोद्धार किती जपून करावा लागतो, ते या एका गाण्यावरून कळते.

मूळ ध्वनी एका वाहिनीचा, म्हणजे मोनो असताना त्यावरून पाच-सहा वाहिन्यांचा नवा ध्वनी तयार करण्याची प्रथा आहे. हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’च्या (१९५८) १९९६ मधल्या जीर्णोद्धारात पावलांचे, दारांचे आवाज नव्याने ध्वनिमुद्रित केले गेले. चित्रासाठी वाखाणलेल्या त्या कामावर ध्वनीबाबत टीका झाली. नवा ध्वनी देण्यास हरकत नाही, पण मूळ मोनो पर्याय सोबत असलाच पाहिजे.

गाण्यांच्या बाबतीत एक खास दोष तपासावा. थिएटरात चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, तर भारतातली जुनी टीव्ही-व्हिडिओ पद्धती २५ चौकटींची. चित्रपट सरळ तिच्यावर चढवला तर तो ४ टक्के वेगाने धावतो आणि गाण्याची पट्टी अर्ध्या स्वराच्या सुमारे सात-दशांशाइतकी चढते. मूळ ध्वनिमुद्रिका सोबत वाजवून पाहिली की हा फरक कानाला लगेच कळतो.

लांबी आणि पाठ

चित्र आणि ध्वनी उत्तम असूनही चित्रपट अपुरा असू शकतो. तपासायचे साधन सेन्सॉर प्रमाणपत्रावर असते, कारण त्यावर चित्रपटाची लांबी लिहिलेली असते. ३५ मिलिमीटर फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर चालते. ४,००० मीटर लांबीचा चित्रपट सुमारे १४६ मिनिटांचा असला पाहिजे. डिस्कवर तो १४० मिनिटे दिसला तर आधी २५ चौकटींचा वेग आहे का ते पाहावे, कारण तेवढ्यानेच सहा मिनिटे कमी होतात. वेग बरोबर असूनही लांबी कमी असेल तर रिळांची टोके, एखादे गाणे किंवा प्रसंग गळाला आहे.

पाठ कोणता धरावा हा वेगळा प्रश्न. ‘एंजल हार्ट’मधून अमेरिकेतल्या प्रमाणपत्रासाठी सुमारे दहा सेकंदांचे चित्रण काढले होते, ते पुढे घरगुती आवृत्तीत परत आले. ‘शोले’चा (१९७५) मूळ शेवट आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आग्रहाने बदलला गेला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केलेल्या जीर्णोद्धारात तो मूळ शेवट परत आला आणि २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या येथे ती प्रत दाखवली गेली. द्वारका दिवेचा यांचे छायाचित्रण त्यात ७० मिलिमीटरच्या रुंद प्रमाणात पुन्हा दिसले. दोन्ही बाबतींत एक तत्त्व लागू पडते : प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे पाहिलेला पाठ हाही इतिहासाचा भाग आहे. आदर्श आवृत्तीत दोन्ही पाठ असावेत आणि कोणता पाठ केव्हाचा ते स्पष्ट सांगितलेले असावे.

डिस्क आणि टीव्ही

चांगला जीर्णोद्धार वाईट डिस्कवर वाया जातो. मराठी चित्रपट नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून व्हीसीडीवर आले. तिची चौकट ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांची होती आणि चित्राला सेकंदाला जेमतेम ११.५ लाख बिट मिळत. एवढ्या थोड्या माहितीत दाबताना यंत्र आधी गडद भागावर काटकसर करते. म्हणून व्हीसीडीवर रात्रीच्या दृश्यात चौकोनी ठिगळे हलताना दिसत. डीव्हीडीवर ठिपके ७२० गुणिले ५७६, ब्ल्यू-रेवर १९२० गुणिले १०८० आणि फोर-के डिस्कवर ३८४० गुणिले २१६० झाले. माहितीचा वेगही डीव्हीडीच्या १ कोटी बिटांच्या आतून ब्ल्यू-रेच्या ४ कोटींपर्यंत गेला. कणदार आणि गडद चित्रपटाला या वेगाची गरज सर्वाधिक, कारण काळोखातले कण दाबायला सर्वांत अवघड असतात. स्ट्रीमिंगवर ठिपके फोर-केचे असूनही माहितीचा वेग कमी असतो. त्यामुळे धुके, धूर आणि अंधाऱ्या भिंती यांवर पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे दिसतात. इंटरनेटवरच्या बहुतेक जुन्या मराठी चित्रपटांच्या प्रती कॅसेट-व्हीसीडीच्या काळातल्या आहेत आणि कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह सतत झळकते. त्यांच्यावरून मूळ छायाचित्रणाविषयी मत बनवणे छायाचित्रकारावर अन्याय करणारे आहे.

जास्त तेज आणि जास्त छटा दाखवणाऱ्या नव्या एचडीआर पद्धतीविषयीही सावध असावे. थिएटरच्या पडद्याचा पांढरा रंग सुमारे ४८ निट (निट हे तेजाचे एकक) इतकाच तेजस्वी असतो. घरचा एचडीआर टीव्ही १,००० निट किंवा त्याहूनही पुढे जाऊ शकतो. जुन्या चित्रपटातला कंदील त्या तेजाने डोळ्यांत खुपू लागला तर त्याच्याभोवतीचा काळोख दिसेनासा होतो. चांगल्या आवृत्तीत ही क्षमता जपून वापरलेली असते आणि तिचा लाभ गडद छटांच्या बारकाव्यांना दिलेला असतो.

पारख करण्याआधी टीव्ही नीट लावला पाहिजे. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ हा मोड निवडावा, हालचाल गुळगुळीत करणारी, कण कमी करणारी आणि कडा धारदार करणारी सगळी सोय बंद करावी. प्लेअर आणि टीव्ही यांची काळ्या पातळीची सेटिंग जुळलेली असावी. ती जुळली नाही तर काळोख एकतर राखाडी होतो किंवा बुडतो आणि दोष विनाकारण डिस्कच्या माथी येतो. खोलीत अंधार असावा. दिवसा उघड्या खिडकीसमोर गडद चित्रपटाविषयी मत देऊ नये.

गुणांचा क्रम

या सर्व कसोट्या सारख्या वजनाच्या नाहीत. आधी पाठ पूर्ण आहे का आणि चौकट अखंड आहे का ते पाहावे, कारण गेलेले दृश्य किंवा कापलेली चौकट दुसऱ्या कोणत्याही गुणाने भरून निघत नाही. त्यानंतर काळ्या रंगाची आणि छटांच्या शिडीची परीक्षा, मग कणांची, मग ध्वनीची. रंगीत चित्रपटात रंग काळ्या रंगाच्या बरोबरीने धरावा. ओरखडे आणि डाग शेवटी मोजावेत. ओरखडा असलेले पण छटा शाबूत असलेले चित्र हे गुळगुळीत, मेणचट चित्रापेक्षा केव्हाही वरच्या दर्जाचे. डबा, पोस्टर आणि मुलाखती हा वरकड भाग आहे, पण स्रोत आणि कामाची पद्धत सांगणारी पुस्तिका मात्र गुणांत धरावी. गाण्यांसह सर्व संवादांची उपशीर्षके असणेही आवश्यक आहे, कारण महाराष्ट्राबाहेरच्या आणि परदेशात वाढलेल्या मराठी मुलांपर्यंत चित्रपट त्यांच्यामुळेच पोहोचतो.

राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेत २,२०० चित्रपटांच्या जीर्णोद्धाराची घोषणा २०२२ मध्ये झाली. त्यातून बाहेर येणाऱ्या मराठी चित्रपटांची पारख करणारे प्रेक्षक गावोगाव असतील, तर कामाचा दर्जा टिकेल. वऱ्हाडाला त्याचे विशेष अगत्य असायला हवे. गाडगेबाबांवरचा ‘देवकीनंदन गोपाला’ (१९७७) हा चित्रपट अमरावती जिल्ह्यातल्या धामणगावच्या राजदत्तांनी दिग्दर्शित केला. तालुक्याच्या वाचनालयाने किंवा महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाने नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी लावून पाहावी, लांबी, चौकट, काळोख, कण आणि ध्वनी यांची नोंद करावी आणि ती काढणाऱ्या संस्थेला कळवावी. खाजगी घरांत, बंद पडलेल्या टॉकीजच्या खोल्यांत किंवा वितरकांच्या जुन्या गोदामांत रिळे असतील तर ती उघडून न पाहता, उन्हात न ठेवता पुण्याच्या संग्रहालयाला कळवणे हे जीर्णोद्धाराच्या साखळीतले पहिले काम आहे. मूळ साहित्य हाती आले तरच पुढच्या साऱ्या कसोट्यांना अर्थ राहतो.